आयुष्मान की कालकथित

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वरिष्ठांना नाही आणि घरात बायकोलाही नाही. निवृत्त पोलीस अधिकारी लिहायला बसला की उकललेले गुन्हे सांगतो. मीही तेच केलं. दरोडे सांगितले, सागवान तस्करांचे पाठलाग सांगितले, लोकांनी वाचून फोन केले. ही एक घटना मात्र दर वेळी बाजूला ठेवत आलो, कारण हिच्यात तपास अधिकारी मी होतो आणि ज्याचा तपास व्हायला हवा होता तोही मीच होतो. घटना आजही आठवते, असं म्हणायची वेळ माझ्यावर येत नाही. ती कधी विसरलोच नाही.

राजुऱ्याच्या पुढे सिमेंटचा पट्टा लागतो. त्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे इथली बोली सुरुवातीला अवघड गेली. पुढे कान तयार झाला. माझ्या हद्दीच्या एका कडेला नदी होती. नदीच्या मधल्या धारेपर्यंत आम्ही, धारेपलीकडे दुसरं ठाणं.

गणपती विसर्जनाचा आदला दिवस. निम्मा स्टाफ बंदोबस्तावर गेलेला. संध्याकाळी एक ढिवर, म्हणजे इथला मासेमारी करणारा माणूस, ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

“साहेब, नदीत मानूस अडकून आहे जी.”

हवालदाराला घेऊन मी गेलो. पूर ओसरत होता. त्या ढिवराच्या डोंग्यातून आम्ही पात्रात गेलो. बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत एक देह पालथा अडकला होता. चेहरा पाण्यात. अंगात शर्ट, कमरेला हिरवी नायलॉनची दोरी दुहेरी गुंडाळलेली. झाड आमच्या बाजूला होतं. धार हातभर पलीकडे.

देह बाहेर काढायचा म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, पंच, पंचनामा, शवविच्छेदनाला पाठवण्यासाठी गाडी, ओळख पटेपर्यंत माणसं. आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाला, “साहेब, धार तिकडून आहे.” त्यानं एवढंच म्हटलं. पुढचं मी केलं. ढिवराच्या हातचा बांबू घेतला आणि ढकलला. देह सुटला, धारेला लागला आणि वळणापलीकडे गेला.

ढिवर म्हणाला, “साहेब, थो कोनाचा तरी आहे ना जी.”

“तिकडचे बघतील,” मी म्हणालो.

स्टेशन डायरीत मी नदीकाठी गस्त लिहिली. पोलीस खात्यात असं कधीकधी होतं, हे तेव्हा मी स्वतःला सांगितलं. होत असेलही. पण बांबू माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदोबस्ताला निघत असताना एक बाई ठाण्यात आल्या. पस्तीस-चाळिशीच्या, शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवणाऱ्या. बौद्ध कुटुंब, थोडी कोरडवाहू शेती, नवरा गवंडीकाम करणारा. इकडे त्याला मिस्त्री म्हणतात. मिस्त्री तीन दिवसांपूर्वी कामावर गेला होता तो परतला नव्हता. अधूनमधून कामाच्या जागीच मुक्काम करायचा म्हणून त्यांनी आधी वाट पाहिली होती.

ठाणे अंमलदारानं नेहमीचा प्रश्न टाकला. “पितो का?”

“पिते. पन पिऊन घरीच येते. भांडाले त्याले मीच पाहिजे ना!”

बाकावरचे दोघेतिघे हसले. मीही हसलो. मिसिंगची नोंद मी स्वतः घ्यायला बसलो. वय, उंची, वर्ण, शर्टाचा रंग. त्या नीट, न अडखळता सांगत होत्या. मी विचारलं, पट्टा कसला होता.

“पट्टा नाई जी. पोरीनं कौतुकानं घेऊन देल्ला तं पेटीत ठेवून देल्ला. थो आपली लाइनदोरीच बांधते कमरेले. मी म्हनलं, लोकं हासतेत. तं मनते, पट्ट्यानं भित सरळ येते का?”

भिंतीचा थर ओळीत यावा म्हणून गवंडी जी दोरी ताणतात, ती लाइनदोरी. मी विचारलं, “रंग?”

“हिरवी.”

मी ‘हिरवी’ लिहिलं. अक्षर बिघडलं नाही, हे मला अजून लक्षात आहे. मग स्वतःलाच समजावलं की या भागातल्या प्रत्येक मिस्त्रीकडे हिरवी दोरी असते, सगळे एकाच दुकानातून घेतात. हे खरंही होतं. या खरेपणावर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

तपास मात्र मी जोरात केला. वायरलेसवर संदेश गेले, फोटो गेले, मोबाईलचं शेवटचं ठिकाण काढलं. ते गावाच्या अलीकडच्या, नदीला मिळणाऱ्या नाल्याजवळचं निघालं. त्या संध्याकाळी त्याच्यासोबत दुसरा एक मिस्त्री होता, त्याचा जुना जोडीदार. त्याला बोलावलं. तो म्हणे, आम्ही फाट्यावर वेगळे झालो, पुढचं मला माहीत नाही. मला कळलं की हा काहीतरी लपवतोय. खोटं बोलणारा माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही असं म्हणतात, पण माझा अनुभव वेगळा आहे. तो बघतो, आणि मध्येच स्वतःच्या हातांकडे बघतो. हा सारखा हातांकडे बघत होता.

त्याला मी मारलं नाही. पण रोज सकाळी बोलवायचं, अंधार पडेपर्यंत बाकावर बसवायचं, तेच ते प्रश्न विचारायचे, हे केलं. आता खरं सांगतो. यानंच त्याला मारलं असेल तर बरं होईल, असं मला वाटत होतं. मग नदीतला माणूस याच्या नावावर गेला असता.

अशाच एका दुपारी त्या बाई आल्या. शाळेतली खिचडी आटोपून, हाताला हळदीचा वास तसाच. जोडीदाराला बाकावर बघून त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या.

“साहेब, याले काऊन बसवून ठेवलं? याले खोटं बोलता आलं असतं तं आतापर्यंत ठेकेदार झाला असता.”

मग त्याच्याकडे वळल्या. “भाऊ, तू बी काहीतरी गिळून बसला हायेस. ओकून टाक. मी तुले काई म्हनत नाई.”

माझ्या इतक्या प्रश्नांनी जे झालं नव्हतं ते या दोन वाक्यांनी झालं. तो रडायला लागला.

“वहिनी, नाल्याच्या रपट्यावरून पानी जाऊन राह्यलं होतं. थो थांबला होता. मनत होता, उतरू दे. म्याच मस्करी केली. म्हनलं, बायकोले भेतं का पान्याले? थो हासला अन् उतरला. मध्यात गेला अन् मंग दिसलाच नाई. म्या लय आवाज देल्ला वहिनी. घाबरून सांगतलं नाई. लोकं म्हनले असते, यानंच ढकललं.”

ढकललं. हा शब्द त्यानं उच्चारला तेव्हा हवालदारानं समोरचं रजिस्टर उघडलं आणि उगाच पानं चाळू लागला.

बाई कोपऱ्याकडे गेल्या. तिथल्या माठातून पेलाभर पाणी काढून त्याच्या हातात दिलं. “तू कुठी ढकललं? मस्करी तं मी बी रोज करतो त्याची. हट्टीच आहे थो.” आणि मला म्हणाल्या, “याले घरी जाऊ द्या आता. याची बायको दारात उभी असंन.”

मी नोकरीत पुष्कळ धीराची माणसं पाहिली. जंगलात वाघाशी झटापट करून मुलाला सोडवणारी आई पाहिली. पण नवरा ज्याच्या शब्दावर पाण्यात उतरला त्याला पाणी पाजणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

मग त्यांनी मला विचारलं. “पन साहेब, बाडी कुठी आहे? ढिवर लोकं सांगते, नदी कोनाले ठेवून घेत नाई. दोन-तीन दिसांत वर देतेच.”

हीच ती वेळ होती. नदीनं वर दिला होता. हे सांगायला चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, “शोध चालू आहे.”

बॉडी नाही, म्हणजे माणूस कदाचित कुठेतरी काठाला लागला असेल, डोक्याला मार लागून भान हरपलं असेल, कुणी उचलून नेलं असेल. त्या घरात ही आशा जन्माला आली ती माझ्या त्या उत्तरातून. मी डोंगे लावून नदी शोधायला लावली, जिथे तो नाही हे मला माहीत होतं तिथे. रजा टाकून एकटाच सिरोंच्यापर्यंत गेलो. आमचं पाणी शेवटी प्राणहितेतून तिथेच जातं. बेवारस मृतदेहांच्या नोंदी पाहिल्या, घाटावरच्या माणसांना विचारलं. हिरव्या दोरीचा कुणी मिळाला नाही. तो ढिवर बाजारात दिसला की वाट बदलायचा. मीही बदलायचो.

मिरचीचा हंगाम आला. इकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिथून परतलेल्या एका मजुरानं खबर आणली की तिकडच्या एका तळावर चंद्रपूरकडचा एक माणूस आहे, घरचं नाव सांगत नाही, कुणाशी बोलत नाही, एकटाच राहतो. बाई धावत ठाण्यात आल्या. “साहेब, गाडी काढा.”

मी गाडी काढली. एक शिपाई, त्या आणि मी. त्यांच्या पिशवीत नवऱ्याचा धुतलेला शर्ट होता. मला त्या शर्टाकडे बघवेना, म्हणून मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

शेतात मिरचीचे लाल ढीग, जो तो शिंकत, नाकाला फडकं बांधलेला. मुकादमानं त्या माणसाला हाक मारली. तो उठून आला. मिस्त्री नव्हता. आलापल्लीच्या पुढच्या एका खेड्यातला गोंड गृहस्थ होता. घरी भांडण करून निघाला, फोन हरवला, कमाई संपली, मग रिकाम्या हातानं घरी जायची लाज वाटली आणि दोन हंगाम असेच गेले. त्याच्या गावच्या ठाण्यात तो मिसिंगच होता.

मी बाईंकडे बघायचं टाळत होतो. त्या त्याच्याजवळ जाऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या. “घरी कोन आहे तुह्या?”

“बायको.”

“भांडन कोनाशी झालं होतं?”

“तिच्याशीच.”

“मंग थे भांडन अर्धंच टाकून आला का रे? चाल, पुरं करून घे. बस गाडीत.”

तो मुकाट्यानं बसला. परतताना मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, “बाई, तुमचं काम झालं नाही.”

“काऊन? रिकामी तं नाई चालली ना गाडी,” त्या म्हणाल्या आणि पिशवीतला शर्ट त्याला दिला. त्याचा फाटलेला होता.

आम्ही त्याला घरी पोचवलं. बायको अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. नवऱ्याला पाहून तिनं हातातली टोपलीच त्याच्या अंगावर फेकली आणि गोंडीत जे सुरू केलं ते संपेना. आमच्या बाई हसून लोटपोट. “मले गोंडी येत नाई साहेब, पन हे शिवी समजली.” मग गाडीमागे जाऊन त्यांनी डोळे पुसले. मला दिसणार नाही अशा बेतानं. दिसलं.

तिथून पुढे त्या बाईंचं नाव पसरलं. ज्याच्या घरचं माणूस हरवलं तो आधी त्यांच्याकडे जायचा आणि मग ठाण्यात. बाजाराच्या दिवशी त्या इतरांच्या माणसांचे फोटो घेऊन बल्लारपूर स्टेशनात फिरायच्या. नव्या माणसाला बजावायच्या, “फोनचा नंबर बदलू नका, घराचा रंग बदलू नका.” ठाण्यात कुणी “दोन दिवस थांबा, येईल” म्हटलं की त्या बाकावर बसायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, “थांबतो जी. इथीच थांबतो.” अंमलदार निमूट पेन उचलायचा. त्यांच्यामुळे माझं ठाणं सुधारलं. वार्षिक तपासणीत मिसिंगच्या कामाबद्दल शाबासकी मिळाली. ती मी घेतली.

त्यांच्या स्वतःच्या घरी काय चाललं होतं ते मी जाता येता बघत होतो. मिस्त्रीनं मागची भिंत अर्धी बांधून सोडलेली. जोडीदार कितीदा म्हणाला, मी पुरी करून देतो. त्या म्हणायच्या, “त्याची भित आहे, थो आला का करन.” पावसाळ्यात तिथे ताडपत्री लागायची. ग्रामसेवकानं विधवेच्या पगारासाठी, म्हणजे सरकारच्या मासिक मदतीसाठी, मृत्यूचा दाखला मागितला, तर त्यांनी अर्जच परत घेतला. सणासुदीला बायका बोलवायच्या नाहीत, कारण हिला कशात धरायचं हे कुणाला कळेना. लेक बापाच्या फोनवर रोज एक मेसेज टाकायची. फोन बंद होता. तरी टाकायची.

माझी बदली झाली, पुढे निवृत्ती झाली. चंद्रपुरातच घर केलं. बाईंचा फोन अधूनमधून यायचा. मी दर वेळी उचलायचो आणि दर वेळी वाटायचं, आज सांगू.

एके दिवशी त्या घरीच आल्या. लेकीचं लग्न ठरलं होतं. पिशवीतून पत्रिकेचा कच्चा नमुना काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. बौद्धांच्या पत्रिकेत हयात माणसाच्या नावाआधी ‘आयु.’ लिहितात, म्हणजे आयुष्मान. गेलेल्याच्या नावाआधी ‘कालकथित’. वधूपित्याच्या नावाआधी छापणाऱ्यानं जागा कोरी सोडली होती.

“दीर मनते, कालकथित टाका. कोर्ट बी मनते म्हने, सात वर्सं झाली का मेला समजा. समजा म्हंजे काय साहेब? मेला का नाई मेला?” त्या हसल्या. मग हसू ओसरलं. “छापनारा मनते, बाई, एक काईतरी सांगा, मशीन थांबून आहे. म्या म्हनलं, साहेबाले विचारून येतो. तुमाले जेवढं माहीत आहे तेवढं कोनाले नाई. तुमी सांगान थे छापतो.”

आतून माझी बायको चहा घेऊन आली. बाईंनी कप घेतला, पण प्यायल्या नाहीत. त्या थांबल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर हा एक शब्द.

मी म्हणालो, “आयुष्मान.”

“बॉडी मिळाली नाही तोवर माणूस हयातच धरायचा,” असं काहीतरी कायद्याचं पुढे जोडलं.

त्यांनी चहा एका घोटात संपवला. “दिराले म्या म्हनलंच होतं. साहेब खोटं नाई सांगनार.”

लग्नाला गेलो. मागच्या अर्ध्या भिंतीला टेकून मांडव घातला होता. आलापल्लीकडचा तो गृहस्थ बायकोला घेऊन बसनं आला होता आणि वधूच्या मोठ्या माणसांत बसला होता. जोडीदार मिस्त्री पंगतीत वाढत होता, पिणं वाढलं होतं त्याचं. वंदना झाली. सूत्रसंचालकानं माईकवर वधूपित्याचं नाव घेतलं, आधी खणखणीत ‘आयुष्मान’ लावून. मांडवातल्या पुष्कळांनी माना खाली घातल्या. बाईंनी मात्र मांडवाच्या दाराकडे पाहिलं. मग पदर नीट करून लेकीमागे जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथे पंगतीत बसून जेवलो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? नोकरीत आम्ही मिसिंगला गुन्हा समजत नाही, म्हणून तपासाच्या यादीत ती सगळ्यात खाली असते. पण खुनाच्या घरात माणसं रडून मोकळी होतात, हरवलेल्याच्या घरात तीही सोय नसते. वाईट का होईना, त्या घराला उत्तर लागतं. आम्ही उत्तर देत नाही आणि त्याला धीर देणं म्हणतो. त्या बाईंनी ते न मिळालेलं उत्तर घेऊन दुसऱ्यांची माणसं शोधली. मला ते उत्तर माहीत होतं, किंवा माहीत असण्याइतकं जवळ होतं, आणि मी त्याच्यावर बसून शाबासक्या घेतल्या. तो देह त्यांच्या नवऱ्याचाच होता हे मी आज सिद्ध करू शकत नाही. सिद्ध करण्याची एकच संधी होती, ती मी धारेला लावली.

हे तुमच्या वाचनात त्यांच्या आधी यावं असं मला वाटत नाही. तसं झालं तर तो दुसरा अपराध होईल. म्हणून हे कागद छापायला पाठवण्याआधी मी त्यांच्या गावी जाणार आहे. जोडीदार मिस्त्रीलाही तिथे बोलावणार आहे, कारण एका मस्करीचं ओझं तो माझ्यामुळे इतकी वर्षं एकटा वाहतोय. त्यानंतर ठाण्यात जाऊन माझा जबाब लेखी देईन, पुढे त्याचं जे व्हायचं ते होवो.

मी बांबूनं एक देह पलीकडच्या हद्दीत ढकलला आणि तो बहुधा तुमच्या नवऱ्याचा होता, हे त्या बाईंना समोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.